पायलीभाताचे रविवार

सुलूताई,

तुझ्या बाराव्याला पहिली पंगत उठली आणि गावातल्या एका मोठ्या माणसाने हात धुता धुता म्हटलं, "या घरातली अन्नपूर्णा गेली." मग ते वाक्य मांडवभर फिरलं. ज्याला त्याला ते आवडलं. पाहुणे माझ्यासमोर थांबून तेच म्हणायचे आणि मान हलवून पुढे जायचे. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उपडी करावी असं मला फार वाटलं. केली नाही. वाढत राहिले. पण तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी एकदा नीट भांडायचं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुला 'तुम्ही' म्हणत आले. तू मोठी जाऊ, मी धाकटी. तू वळगावात मुरलेली, मी भिवंडी शहरातून आलेली, शाळेत शिकवणारी, कोळंबी साफ करताना नाक मुरडणारी. मान राखून बोलायची सवय लागली ती लागली. आज मात्र तुला 'तू' म्हणणार आहे. मान राखून भांडलं की भांडण अर्धं पोटात राहतं, आणि माझ्या पोटात आता जागा नाही.

तुला अन्नपूर्णा म्हणणाऱ्या त्या सगळ्यांना तुझा एकच पदार्थ आठवत होता. "तो परदेशी भात काय करायच्या हो!" तो भात आपल्या घरात कसा आला हे त्यांना अर्धवट माहीत आहे. तू तो का करत राहिलीस, हे तर माझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. आधी ते सांगते.

आपल्या खाडीकाठच्या, खाजणाजवळच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं, तेव्हा भाडेकरू कंपनीने आत माल सरकवणारी कसलीशी यंत्रं बसवायला स्पेनहून एक माणूस पाठवला होता. उंच, टकला, पन्नाशीचा. त्याचं नाव आपल्यापैकी कुणालाच नीट म्हणता आलं नाही, म्हणून तो शेवटपर्यंत 'पावणा'च राहिला. तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी, त्याला घरी जेवायला बोलावलं. तू कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होतीस. तो घाम पुसत, नाक ओढत जेवला आणि माझ्या नवऱ्याला, दिनेशला, इंग्रजीत म्हणाला, "पुढच्या रविवारी मी तुम्हाला आमच्याकडचा भात करून घालतो. आमच्याकडे रविवारी हा भात बाप्या माणसं करतात."

दिनेशने त्याचं मराठी करून सांगितलं तेव्हा तू तोंडावर पदर घेऊन हसलीस. "बाप्ये रांधतात? मंग बाया काय करतात?"

रविवारी तो सकाळीच आला. आपल्या स्वयंपाकघरात फिरून त्याने एकेक भांडं उचलून पाहिलं आणि शेवटी पीठ मळायची मोठी परात काढली. ती पाहून तू जीभ चावलीस. अंगणात तीन दगड मांडून बाभळीची लाकडं पेटवली. कोळंबीची डोकी उकळून त्याने पाणी काढलं, तेलात कांदा, लसूण, टोमॅटो इतका वेळ परतला की त्याचा लगदा झाला, त्यात मिरचीची पूड, मग तांदूळ. आपल्याच शेतातला जाडा तांदूळ त्याने मूठभर घेऊन चोळून पाहिला आणि खूश झाला. तू तो धुवायला निघालीस तर तुझ्या हातातून टोपलं काढून घेतलं. धुवायचा नाही. तू म्हणालीस, "न धुता? आमच्याकडं ढोरांना पन धुवून घालतात." दिनेशने त्याचं इंग्रजी केलं नाही.

मग त्याने ते कोळंबीचं पाणी केशर घालून ओतलं, तांदूळ सारखा पसरला आणि हात झटकून उभा राहिला. तुला राहवेना. उलथणं घेऊन पुढे गेलीस. त्याने तुझा रस्ता अडवला. पाणी पडलं की हलवायचं नाही. खाली धरू दे. तू मला कानात म्हणालीस, "करपवनार हा बाबा. परात गेली माजी."

नाव विचारलं तर म्हणाला, पाएया. सासूबाईंनी लगेच ते आपलं करून टाकलं. "पायली? म्हंजे आपलं मापच की! चार शेरांची पायली." तेव्हापासून या घरात तो पायलीभात.

भात झाला. ओसरीवर चटई टाकून त्याने परात मधोमध ठेवली आणि सगळ्यांना चमचे वाटले. ताटं नाहीत. ज्याने त्याने आपल्यासमोरचा भात खायचा. सासूबाई म्हणाल्या, "येका भांड्यात? उष्टं न्हाय का व्हत?" पण पाहुण्याचा मान म्हणून त्याही सरकून बसल्या. भाऊजी बसले, दिनेश बसला, तुझा प्रथमेश तर परातीवर वाकलाच होता. तू आणि मी दारात उभ्या. नेहमीच्या जागी. सगळ्यांचं झालं की आपलं.

पाहुणा चमचा हातात धरून उभाच राहिला. आधी कुणाला कळलं नाही. तो चटईवरच्या दोन रिकाम्या जागांकडे बघत होता, मग आपल्याकडे. शेवटी सासूबाईच वैतागून म्हणाल्या, "बसा गो बायांनो, पावणा ताटकळलाय." भाऊजींनी मान खाली घालून थोडी जागा केली. तू माझा हात घट्ट धरलास आणि आपण बसलो.

या घरात तू पंधराएक वर्षं रांधत होतीस, आणि गरम अन्न सगळ्यांबरोबर बसून पहिल्यांदा खात होतीस. भात मला खारट वाटला होता, आणि खाली जरा लागलेलाही. पण तू काय बसली होतीस, सुलूताई! ताठ, मांडी घालून, जणू पाटावर बसवलेली नवरी.

पाहुणा परत गेला. महिन्याभरात तू गोडाऊनमध्ये रॅकचं वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलंस आणि लोखंडाची पसरट, दोन कानांची कढई करून घेतलीस. तो विचारत होता, "भाभी, इसमें क्या बनेगा?" तू म्हणालीस, "रविवार बनेगा." हे तुझं हिंदी आम्ही किती दिवस पुरवलं!

मग तू त्या भाताला आगरी करून टाकलंस. दुसऱ्याच खेपेला आपला घरचा मसाला घातलास आणि मला बजावलंस, "पावन्याला सांगू नको." पावसाळ्यात नांग्यांसकट चिंबोऱ्या, थंडीत तिसऱ्यांचे शिंपले, कोंबडीचा वेगळा. श्रावणात मासळी बंद, तर वालाचं बिरडं, शेवग्याच्या शेंगा आणि फरसबी घालून असा केलास की सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. केशर संपलं की हळद. मिरची निखाऱ्यावर भाजून कुटायचीस, त्याने धुराचा वास यायचा. शिळी कोंबडी उरली तर ती, घरात काहीच नसलं तर नुसता सुका जवळा. काहीही घाल, तो भात पोटात घ्यायचा. मला मात्र आजवर एकदाही तुझ्यासारखा जमला नाही. माझा हात उलथण्याकडे जातोच. तू म्हणायचीस, "मास्तरीन, पोरांना पन अशीच ढवळतेस काय गो? जरा धरू दे की."

हे शिकवलंस त्याबद्दल तुझे उपकार आहेत. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी चांगलं बोलेन याची खात्री नाही.

एकदा भांडी घासता घासता मी तुला म्हटलं, "ताई, तुम्हाला हा भात भारीच आवडतो हं." तू कढईचा तळ खरवडत होतीस. म्हणालीस, "मना? मना न्हाय आवडत. मना आपलं कालवन-भाकर बरी." मी चक्रावले. "मग दर रविवारी एवढा घाट कशाला?" तू मान वर न करता म्हणालीस, "त्या दिवशी बसून जेवता येतं गो."

तेवढंच. पुन्हा कढई घासायला लागलीस.

एवढी अक्कल होती तुला! घरात भांडण न काढता, कुणाला एक शब्द न बोलता, स्पेनचा भात रांधून तू स्वतःची जागा करून घेतलीस, आणि तिच्या बाजूला माझी. नवऱ्याला वाटलं बायकोला नवीन पदार्थाची हौस आहे. सासूला वाटलं सुनेचा हात सढळ आहे. आणि तू दर रविवारी मांडी घालून बसत होतीस. मग जिला हे सुचलं, तिला पुढचं का सुचू नये? याच गोष्टीचा मला राग आहे. तू बावळट असतीस तर मी रडून मोकळी झाले असते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपण दोघी मागच्या पडवीत वाल सोलत होतो. तू हात पुसलास, माझा हात धरलास आणि पदराखाली डाव्या बाजूला ठेवलास. "हितं बघ गो जरा."

सुपारीएवढी होती. टणक. हलत नव्हती.

"कधीपासून?"

"गनपतीपासून असंल."

"भाऊजींना सांगितलंत?"

"त्यांना काय सांगू? बाप्या मानसाला छातीतलं सांगाचं?"

मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, मी शाळेत रजा टाकते. तू घाबरलीस. गाठीला नाही, मला घाबरलीस. "तू नको येऊ. तू रजा टाकलीस का घरात आईला कळंल. वैशाखात प्रथमेशचं लगीन, त्यात ही कुरकुर कशाला? मी माहेरी जाते न् वयनीला घेऊन दाखवून येते." मी तुला देवाची शपथ घ्यायला लावली. तू घेतलीस.

दोन-तीन दिवसांनी माहेरून आलीस ती हातात पिशवी घेऊन. पिशवीत नांग्या बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या, माद्या, भरलेल्या. मी तुला मोरीकडे ओढत नेलं. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"चरबीची गाठ म्हनल्या. वय झालं का व्हतात."

"सोनोग्राफी केली?"

"केली की."

"मग?"

"गोळ्या दिल्यात. ईरघळंल म्हनल्या."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस. कालवणात मीठ जास्त झालं तर "जास्त झालंय" असं स्वतःहून सांगणारी बाई तू. मी विश्वास ठेवला. संक्रांतीला पुन्हा विचारलं, तू म्हणालीस, कमी झालीय. शिमग्याला पुन्हा विचारलं, तू म्हणालीस, "तुला दुसरा धंदा न्हाय काय गो?" आणि पदर ओढून निघून गेलीस.

लोकांना वाटतं मी आता स्वतःला दोष देत बसले असेन. नाही देत. मी विचारलं होतं. परत परत विचारलं होतं. तू खोटं बोललीस.

वैशाखात लग्न झालं. हळदीला आपलं अंगण माणसांनी फुलून गेलं होतं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईंनी धवला सुरू केला आणि तू त्यांच्याजवळ बसून प्रत्येक ओळ उचललीस. नंतर डीजे लागला तेव्हा हिरव्या नऊवारीत अशी नाचलीस की नव्या सुनेच्या माहेरच्या बायका विचारत होत्या, ही नवऱ्याची आई का बहीण? मी तुझ्या शेजारीच नाचत होते. डावा हात तू वर नेत नव्हतीस. मला वाटलं, बांगड्या घट्ट झाल्या असतील.

ऋतुजा, तुझी सून, आली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तू तिच्यासाठी पायलीभात मांडलास. "नवी सून पयल्या दिवसापास्नं मांडीला मांडी लावून जेवली पायजे," असं मला म्हणालीस. भात उतरवायला कढईचे दोन कान धरलेस आणि उचलता उचलता खाली बसलीस. कढई तिरकी झाली. तोंडातून आवाज नाही. आम्हाला वाटलं पाठीत उसण भरली. दोन दिवस भाऊजी तेल चोळत होते. तिसऱ्या दिवशी तुला उठताच येईना.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, मग तुला तपासलं आणि बाहेर येऊन आम्हालाच विचारलं, "एवढी मोठी गाठ घरात कुणालाच माहीत नव्हती?" छातीतली गाठ मणक्यात उतरली होती. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे.

तुला वॉर्डात आणल्यावर मी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि विचारलं, "कुठल्या डॉक्टरला दाखवलं होतं? नाव सांगा. मी जाऊन तिची गचांडी धरते."

तू छताकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "गेलेच न्हवते गो."

"म्हणजे?"

"निघाले व्हते. वयनीला बोललेच न्हाय. बाजारात चिंबोऱ्या चांगल्या दिसल्या, त्या घेतल्या न् आले."

सुलूताई, त्या चिंबोऱ्या मी खाल्ल्या. त्या रविवारी तू त्यांचा पायलीभात केलास, त्यातला अंड्यांनी भरलेला लाल-लाल पेंदा माझ्यासमोर सरकवलास आणि म्हणालीस, खा, शाळेत ओरडून ओरडून वाळलीस. मी बोटं चाटून खाल्ला. मला वाटत होतं, एक संकट टळलं त्याचा हा आनंद आहे.

मग मी ओरडले. इस्पितळात ओरडू नये हे मला कळतं, पण ओरडले. कुणासाठी केलंत हे? हळदीत विघ्न नको म्हणून? या घराच्या इज्जतीसाठी? तुमच्या अशा वागण्याने घराला काय मिळालं? शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तू मला हाताने खाली बसवलंस.

"हळू गो. घरासाठी कुनी केलं? मी माज्यासाठी केलं. मना पोराच्या हळदीत नाचाचा व्हता."

"डॉक्टरकडे जाऊनही नाचता आलं असतं!"

"न्हाय. येकदा बाई आजारी हाय म्हनलं का लोकं तिला खुर्चीवर बसवतात. पानी देतात. मंग कुनी उठू देत न्हाय." माझ्याकडे मान वळवलीस. "मी नाचले का न्हाय? तू बघितलास ना?"

नाचली होतीस. मी बघितलं होतं.

आपलं भांडण तिथेच थांबलं आहे. नंतर औषधांनी तुला इतकी गुंगी असायची की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण तुझं उत्तर मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. एका हळदीच्या बदल्यात नातवंडं, पुढचे श्रावण आणि मला सोडून जायचं? आणि बसायची एवढी भीती वाटणारी बाई तू, बसून जेवता यावं म्हणून पायलीभात रांधत होतीस ना? मग आजारी माणसाच्या खुर्चीत बसायला काय झालं होतं? कधीकधी वाटतं तू त्या दिवशीही खोटंच बोललीस. मला बरं वाटावं, या घरावरचा माझा राग कमी व्हावा, म्हणून सगळं स्वतःवर घेतलंस. आणि कधीकधी वाटतं, तेच खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. घराला शिव्या घालता आल्या असत्या तर मला झोप लागली असती. तू तीही सोय ठेवली नाहीस.

गणपती यायच्या आधी तू गेलीस.

बारावं झाल्यानंतरच्या एका रविवारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिथे येत नाहीत. म्हणाले, "तो भात करशील काय? तिच्या नावानं." दिनेश मला डोळ्यांनी 'नाही म्हण' खुणावत होता, कारण माझं तोंड त्याला माहीत आहे. मी हो म्हटलं.

ऋतुजाने कोळंबी सोलली. मी बिघडवला तो बिघडवलाच. पाणी जास्त झालं, मी ढवळला, लापशी झाली. तरी कढई चटईवर मधोमध ठेवली. सगळे बसले, आम्ही दोघीही बसलो. कुणी चमचा उचलेना. मग भाऊजींनी एक घास घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "अन्नपूर्णा व्हती."

मी चमचा खाली ठेवला. "भाऊजी, तो शब्द या घरात परत नको." आणि सगळं सांगून टाकलं. वाल सोलतानाची गाठ, डॉक्टरकडे न जाता आणलेल्या चिंबोऱ्या, इस्पितळातलं बोलणं. तुला हा भात आवडत नव्हता आणि तू तो कशासाठी करायचीस, तेही सांगितलं. आवाज चढला होता, शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. गेला तर गेला. प्रथमेश उठून अंगणात गेला. ऋतुजा त्याच्या मागे जायला निघाली, मग परत बसली.

मला वाटलं भाऊजी चिडतील. मला तू आधी का सांगितलं नाहीस, म्हणून तरी चिडतील. मी तयार होते. मला ते भांडण हवंच होतं. ते कढईकडे बघत होते. मग म्हणाले, "उजव्या कुशीवरच झोपाची ती. थंडीपासनं. पयलं माज्याकडं तोंड करून झोपाची, मंग भित्तीकडं. मना वाटलं, पंख्याचा वारा तोंडावर येत असंल." आणि पुढे, "मी पंखा सरकवला व्हता."

पंखा सरकवला होता, सुलूताई. त्या माणसाच्या ते लक्षात आलं होतं. त्याने त्याच्या परीने उपायही केला होता. तुझ्याकडून त्याला फक्त एक वाक्य हवं होतं, आणि तू ते त्याला दिलं नाहीस. कदाचित त्याच्याकडून तुलाही एकच प्रश्न हवा होता. माझा राग आता कुणावर काढू ते तूच सांग. त्या दिवशी तो लापशी झालेला भात आम्ही संपवला. भांडी मात्र भाऊजींनी उचलली. मोरीत नेऊन ठेवली आणि तिथेच पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि तसं सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, तपासून घ्यायला. मी, ऋतुजा आणि आई. सासूबाई एकदम उखडल्या. "माजं आता काय राह्यलंय तपासाला? सत्तरी उलटली माजी." मी म्हटलं, "चला." त्या म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मी म्हटलं, गाडी दारात आहे. शेवटी म्हणाल्या, "परक्या बाईसमोर चोळी काढू काय मी?" ऋतुजा त्यांच्या चपला घेऊन आली, त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "आजी, पहिली मी जाते. मग तुम्ही." लग्नाला जेमतेम चार महिने झालेली पोर.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला होता आणि कुणाकडे बघत नव्हत्या. ऋतुजा आत गेली, आली. मी गेले, आले. मग त्यांचं नाव पुकारलं. मी सोबत निघाले तर म्हणाल्या, "बस तू. मी जाते."

थोड्या वेळाने दार उघडलं. त्या बाहेर आल्या. डॉक्टरीणबाई मागून सांगत होत्या, "काही नाही हं आजी, सगळं ठीक आहे." त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. चोळीची गाठ नीट बांधली गेली नव्हती. ती चाचपत त्या बाकाजवळ आल्या, पण बसल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चांगली हाय गो बाई ती," त्या म्हणाल्या. "हात गरम करून घेतलान आधी. दोन गोष्टी ईचारल्यान. येक फोटू काढलान." मी त्यांना धरायला उठले. त्यांनी माझा दंड पकडला आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,

"येवढंच व्हतं?"

हो, सुलूताई. एवढंच होतं.